सतरा पायऱ्या

खाली आमिषाचं दुकान :
गळ, टबात वळवळणारे जिवंत मासे,
गोठलेल्या सरोवराला भोक पाडायची गिरमिटं.
वर आम्ही. मधे सतरा पायऱ्या.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
एकवीस वर्षं या टेबलाशी बसून
मी चढणाऱ्यांची पावलं ऐकते आहे,
त्यात वेडं असं कुणी नव्हतं.
बहुतेक जण नवव्या पायरीवर थांबतात.
तिथे खिडकी नाही, कठडाही धड नाही,
तरी थांबतात.
काही तिथूनच परत जातात.
त्यांची नोंद आमच्या वहीत नसते.

आयली राउटिओ थांबली नाही.
दारात बूट आपटून बर्फ झाडला,
काखेतला कॉफीचा डबा टेबलावर ठेवला
आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली,
"अकराशे चाळीस. शिवणयंत्र विकलं
तर आणखी दोनशे."
आमचे बर्गस्ट्रॉम वकील आगाऊ तीन हजार घेतात.
हे मी लगेच सांगत नाही.
माणसाला आधी बसू द्यावं.

"दुसऱ्या बाजूचं नाव?"
ती हसली, म्हणजे ओठ हलले.
"सोळा वर्षं एका गादीवर झोपलो.
दुसरी बाजू म्हणजे
भिंतीकडची, एवढंच मला माहीत."
मग म्हणाली, "वेन्डेल."

मी वही उघडली.
उघडायची गरज नव्हती.
मंगळवार, दुपारी साडेतीन. माझंच अक्षर.

आधी येईल त्याचे आम्ही.
आणि आधी कोण आलं होतं,
त्याबद्दल तोंडातून ब्र काढायचा नाही.
"हे काम आम्हाला घेता येणार नाही."
"पैशामुळे?"
"नाही."
"मग?"

तिच्या त्या 'मग'चं उत्तर
तिच्यामागे रेडिएटरवर वाळत पडलं होतं :
करड्या लोकरीचे पुरुषी हातमोजे,
डाव्या अंगठ्याला निळ्या धाग्याचं रफू.
मला ते उचलायचं सुचलं नाही.
तिनं मान वळवली.

खूप वेळ कुणी काही बोललं नाही.
खालून गिरमिटाच्या भावावरून चाललेली घासाघीस ऐकू येत होती.
मग ती उठली, रेडिएटरपाशी गेली,
हातमोजे उलटे केले,
ओली बाजू खाली,
आणि परत येऊन बसली.

गावात आणखी एक वकील आहे,
पण तो वेन्डेलच्या भावाबरोबर
एकाच झोपडीत बसून बर्फावर मासे धरतो.
हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं.
मी चर्चच्या जेवणाच्या जाहिरातीमागे लिहून दिलं :
ओडेसा प्रुइट, अठ्ठावन्न मैल, ग्रंथालयासमोर.
हप्ते घेते.
मुलांचं आधी विचारते, घराचं नंतर.
पहिल्या भेटीचे किती, ते फोनवरच विचार.
ठरेल ते कागदावर घे.
जाताना तारखा लिहून ने, रागाच्या नकोत,
कोण कधी घरी होतं, कोण नव्हतं, त्या.

"मुलगी अकराची आहे," ती म्हणाली,
मी विचारलं नसताना.
डबा पुन्हा काखेत गेला.

उतरताना मात्र ती नवव्या पायरीवर थांबली.
मी मोजत होते.
पेन हातात तसंच धरून मी वाट पाहिली,
वर की खाली.
मग आठ. मग सात.

शुक्रवारी वेन्डेल हातमोजे न्यायला आला.
घातले, बोटं उघडमीट करून पाहिली.
"आतपर्यंत वाळलेत," म्हणाला,
"घरी माझे असे वाळत नाहीत हल्ली."

मी वहीत डोकं घातलं.
त्यालाही काही सांगायची
मला मुभा नाही.